गोदामातलं माहेर

रोज दुपारी चारच्या सुमाराला आनंदराव चौगुले घरातून निघून जात. रागावून वगैरे नव्हे. पायांत चपला सरकवायच्या, हाताला लागेल ते भांडं उचलायचं आणि फाटक उघडून चालू लागायचं. कधी पेला, कधी वाटी, एकदा तर देवापुढचं पंचपात्र. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात वाटी, असा उचगावच्या रस्त्यानं हायवेकडे निघालेला पाहून लोकांना आधी गंमत वाटली. मग एका दुपारी बिनड्रायव्हरच्या मालट्रकनं त्यांच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक लावला आणि गंमत संपली.

त्या ट्रकमुळेच वैजयंती पुण्याहून धावत आली. आनंदरावांची ती एकुलती एक मुलगी, चाळिशीची. गोदामांची मांडणी करून देणं हा तिचा व्यवसाय. कुठला माल कुठं ठेवला म्हणजे माणूस कमी चालेल, कमी वाकेल आणि कमी शोधेल, हे विचारायला मोठमोठ्या कंपन्या तिच्याकडे येत. ती दारात उभी राहिली तेव्हा तिचे आप्पा, आनंदराव, लगबगीनं उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "या मॅडम. हेड ऑफिसातनं आलासा न्हवं? बसा, स्टॉक दाखवतो."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. दोन वर्षांपूर्वी तिचा संसार मोडला होता. ते आप्पांना सांगायचं ती आज-उद्या करत राहिली, आणि आता सांगायला गेलं तर ऐकायला आप्पाच जागेवर नव्हते. ज्यांना सांगायचं ते तिला मॅडम म्हणत होते.

डॉक्टर मुजावर गेली तीन वर्षं आप्पांवर उपचार करत होत्या. स्पष्ट बोलायची बाई, पण माया असलेली. त्या म्हणाल्या, "मिरजेच्या निवासी केंद्रात एक जागा रिकामी होतेय. महिनाअखेरपर्यंत मी ती धरून ठेवते."

"घरातच ठेवलं तर? मी दिवसरात्र माणूस ठेवते, फाटकाला कुलूप लावते."

"कुलूप लावूनच ठेवायचं असेल तर मिरजेत निदान बाग आहे, वैजयंती. मूळ दुखणं फाटकाचं नाही. त्यांना हे घर आपलं वाटत नाही. विस्मरणाच्या या आजारात अलीकडचं आधी पुसतं. हे घर बांधून किती वर्षं झाली?"

"तेरा. माझ्या लग्नाच्या वेळी बांधलं. त्याआधी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, आणि आप्पा तिथंही झोपण्यापुरतेच. बाकी सगळा वेळ गोदामात."

"मग ते गोदाम अजून त्यांच्या डोक्यात शाबूत असेल," डॉक्टर सहज बोलून गेल्या.

त्या गोदामाचा नकाशा आप्पांच्या डोक्याबाहेर आणखी एकाच ठिकाणी शाबूत होता, आणि ते ठिकाण म्हणजे तिच्याकडची एक जुनी फाइल.

शिरोलीच्या एका पंपांच्या कारखान्याचं ते सुट्या भागांचं गोदाम. आनंदराव तेविसाव्या वर्षी तिथं स्टोअरकीपर म्हणून लागले आणि छत्तीस वर्षं तिथलेच झाले. आत शिरलं की ग्रीसचा आणि खाकी कागदाचा वास यायचा. रॅकवर नंबर होते, पण ते कागदोपत्री. माणसांनी जागांना आपली नावं ठेवली होती. आयात केलेल्या महागड्या बेअरिंगांचा रॅक टेबलाच्या अगदी उजव्या हाताला असे, उठायची तोशीस न पडता हात पोचावा असा. त्याचं नाव जावई. वर्षातून एकदा लागणारा माल जिथं धूळ खात पडे तो मागचा कोपरा म्हणजे काळंपाणी. माल जिथून गाडीत चढे ते पश्चिमेचं दार सासर. आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल ज्या कोपऱ्यात उतरे त्याला सगळे माहेर म्हणत.

माहेरात आलेली प्रत्येक वस्तू आनंदराव स्वतः बघत. पंप असो की साधा व्हॉल्व्ह, दोन्ही हातांत धरून सावकाश फिरवायचा, फडक्यानं पुसायचा, आणि बहुतेक वेळा एकच निकाल द्यायचा: "माल खोटा न्हाई. पत्ता चुकलाता." खरंच तसं असे. भलत्या मापाचा भाग भलत्या गावाला गेलेला असे, आणि तो नाकारला गेला म्हणून कुणी त्याला भंगारात टाकू नये याची आनंदरावांना काळजी.

वैजू आठ वर्षांची असताना तिची आई वारली. शाळा गोदामाच्या मागच्या गल्लीत होती. शाळा सुटल्यावर रिकाम्या घरी जाण्यापेक्षा ती गोदामात येई आणि माहेरात एका लाकडी खोक्यावर बसून साडेपाचचा भोंगा होईपर्यंत अभ्यास करी. चार वाजले की आप्पा स्टीलच्या पेल्यात दुधाचा चहा आणि खारी घेऊन येत. कधी गणितात मार्क कमी पडलेले असले, कधी कुणी आईवरून बोललेलं असलं, की आप्पा तिचे खांदे धरून तिला पंपासारखी गोल फिरवत, नाकावरचा पेन्सिलीचा डाग रुमालानं पुसत आणि तोच निकाल देत. ती हसल्याशिवाय राहत नसे. हे सगळं तिला आठवत होतं. आठवत असूनही तिनं जे करायचं ते केलंच होतं.

नऊ वर्षांपूर्वी कारखान्यानं गोदामाची नवी मांडणी करायचं ठरवलं आणि काम नेमकं तिच्याच वाट्याला आलं. त्याच सुमाराला डोक्यातला नकाशा टिपणाऱ्या टोपीचं तंत्र नवं होतं. आपण एखाद्या जागेत वावरतो तेव्हा मेंदूच्या आत, खोल एका वळलेल्या भागात, काही पेशी ठरावीक ठिकाणी आल्यावरच जाग्या होतात. एक दाराशी, दुसरी खिडकीपाशी, तिसरी टेबलाच्या कोपऱ्याला. या स्थानपेशी मिळून डोक्यात त्या जागेचा नकाशा बनवतात. त्यांच्या हालचालीतून इवलंसं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी दुबळं. ते मोजायला पूर्वी खोलीएवढं यंत्र लागे. ते आकसत आकसत एका टोपीत मावलं. कामगारानं टोपी घालून दोन महिने नेहमीचं काम केलं, की त्याच्या डोक्यातलं गोदाम पडद्यावर उमटे. कुठली जागा त्याला डोळे मिटून सापडते तिथं उजेड, कुठं तो अडखळतो तिथं अंधार. हा नकाशा आणि मालाच्या उचलीची आकडेवारी एकत्र करून सॉफ्टवेअर नवी मांडणी सुचवी: जास्त खपणारं दाराजवळ, जड असेल ते कमरेच्या उंचीवर, एकत्र लागणारे भाग शेजारी शेजारी.

या गोदामात ती टोपी आप्पांनी घातली. मांडणी उत्तम झाली. चालणं चाळीस टक्क्यांनी घटलं, हमालांच्या पाठी दुखायच्या थांबल्या, आणि वैजयंतीचं नाव झालं. माहेर मात्र गेलं. तिथून मालाची उचल शून्य होती, म्हणून सॉफ्टवेअरच्या लेखी ती बारा फूट जागा फुकट अडलेली होती. वैजयंतीला आपला कोपरा ओळखू येत होता. पण आपल्या आठवणींसाठी कुणाची जागा अडवायची नाही, या विचाराचा तिला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता. नकाशा बघून आप्पांनी एकच विचारलं होतं, "माहेर कुठं ठेवलंस?"

"आप्पा, परतीचा माल आता थेट आपापल्या रॅकवर जातो. माहेर लागतच नाही."

"बरं," आप्पा म्हणाले होते.

त्यानंतरच्या काही महिन्यांतच आप्पा हातात चिठ्ठी धरून रॅकांमध्ये नुसते उभे दिसू लागले. लोक म्हणाले, वय झालं. ते निवृत्त झाले आणि सहा वर्षांनी आजाराला नाव मिळालं. डॉक्टरांच्या मते आजार आधीपासूनच होता, जुन्या मांडणीनं तो झाकून धरला होता, इतकंच. वैजयंतीला हे पटत असे, आणि तरीही एखाद्या दुपारी अजिबात पटत नसे.

आता ती फाइल उघडून तिनं डॉक्टरांना विचारलं, "घरच गोदाम केलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"खोली ताणली तर उंदराच्या डोक्यातला नकाशाही तिच्याबरोबर ताणला जातो, हा फार जुना प्रयोग आहे. वळणांचा क्रम तोच राहिला आणि अंतरं सारख्याच प्रमाणात बदलली, तर मेंदू जुना नकाशा नव्या जागेवर पसरतो. गोदाम एकशेवीस फूट होतं, घर चाळीस फूट आहे. एकास तीन. भिंती हलवायच्या नाहीत. फक्त सामान."

"करून बघ," डॉक्टर चष्मा परत लावत म्हणाल्या. "अठ्ठावीस तारखेला दुपारी मी येऊन बसते. फाटक उघडं ठेवायचं. ते बाहेर गेले नाहीत, तर मिरजेचं नाव काढणार नाही. गेले, तर तू हट्ट करायचा नाहीस."

वैजयंतीनं ते कबूल केलं. हातात अठरा दिवस होते.

तिनं गोदामातल्या जुन्या हमालाला, सुबराव मगदुमांना, मदतीला बोलावलं. सुबरावमामा सत्तरीचे, पण कपाट अजून एकट्यानं सरकवत. पहिल्या दिवशी त्यांनी घरभर नजर फिरवली आणि मान हलवली. "वैजू, हे असलं खूळ मी बापजन्मात बघितलं न्हाई. बोल, कुठनं सुरुवात करायची?"

आप्पांचं टेबल पुढच्या दाराच्या डाव्या हाताला आलं. जावयाच्या जागी टेबलालगत छोटी मांडणी ठोकली आणि तिच्यावर त्यांची औषधं, चष्मा, पाण्याचा तांब्या ठेवला. जिथं गॅस्केट असत तिथं कपडे. नट-बोल्टच्या खणांसारखे खण करून त्यांत चहा, साखर, पोहे. काळ्यापाण्यात थंडीच्या गोधड्या गेल्या. पश्चिमेच्या दाराचं माप मोजत सुबरावमामा मागे गेले आणि हसत बाहेर आले.

"अगं, सासरच्या जागी न्हाणीघर आलंय."

"येऊ द्या, मामा. शोभतंय तसं," वैजयंती म्हणाली. कित्येक दिवसांत ती मनापासून हसली नव्हती, ती त्या दिवशी हसली.

सगळं लागल्यावर सुबरावमामांनी पुन्हा एक फेरी मारली. "समदं झ्याक जमलंय. पर माहेर न्हाई केलंस व्हय?"

"घरात कुठला परतीचा माल, मामा? आधीच जागा कमी आहे. तिथं फ्रिज बसतो."

सुबरावमामांनी फ्रिज लावून दिला.

चौथ्या दिवशी आप्पा सकाळी उठले, दारातून डावीकडे वळले, टेबलाशी बसले आणि मान न वळवता उजवा हात लांब करून चष्मा घेतला. वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. पुढच्या आठवड्यात ते आपले कपडे स्वतः शोधून घेऊ लागले, गोळ्या घेऊ लागले, न्हाणीघर कुठं ते विचारायचं थांबले. एका सकाळी त्यांनी तिला चहा करून दिला, साखर बरोबर दीड चमचा. "घ्या मॅडम. आमच्यात पाव्हण्याला बिनचहाचं सोडत न्हाईत." तिनं तो चहा थंड होईपर्यंत हातात धरला. घर त्यांना ओळखू येत होतं. ती येत नव्हती.

आणि चार वाजले की चपला, भांडं, फाटक. त्यात एका दिवसाचाही खंड पडेना. पंचविसाव्या तारखेला ती त्यांच्या मागोमाग हायवेपर्यंत गेली आणि बाबापुता करून परत घेऊन आली. सव्विसाव्यालाही तेच. सुबरावमामांनी हळूच विचारलं, "मिरजेला न्यायची पिशवी भरायची व्हय?" ती मापांची वही घेऊन आत गेली.

सत्ताविसाव्याच्या सकाळी तिनं फाइल पुन्हा उघडली. आतापर्यंत ती सॉफ्टवेअरनं गाळून दिलेला नकाशा वापरत होती. आता तिनं मूळ नोंद काढली, टोपीनं टिपलेली, न गाळलेली, आणि नोंदीतल्या घड्याळाचा काटा दुपारी चारवर नेऊन ठेवला. पडद्यावर अख्खं गोदाम काळवंडलं आणि ईशान्येच्या एका कोपऱ्यात असा लख्ख उजेड पडला की तेवढा जावयावरही नव्हता, टेबलावरही नव्हता. नोंदीखाली सॉफ्टवेअरचा शेरा होता: या जागी माल नाही, संकेत दुर्लक्षित. तिनं दुसरा दिवस काढला, तिसरा काढला. साठ दिवस, साठही दिवशी चारला तोच कोपरा. ही मोजणी झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, लग्न होऊन पुण्यात राहत होती. त्या कोपऱ्यात बसायला वीस वर्षांत कुणी आलेलं नव्हतं. आप्पा तरी रोज चार वाजता तिथं जाऊन उभे राहत होते.

आणि तो कोपरा तिनं पुसला होता. एकदा गोदामातून, आणि पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा एकदा घरातून. आप्पा कुठं पळून जात नव्हते. हातात पेला घेऊन ते माहेर शोधत होते, आणि ते घरात सापडत नव्हतं म्हणून बाहेर बघत होते. ती जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून तिनं सुबरावमामांना फोन केला.

"मामा, फ्रिज हलवायचाय."

"आलो," सुबरावमामा म्हणाले. जणू ते पंधरा दिवस या फोनचीच वाट बघत होते.

येताना ते एक लाकडी खोकं घेऊन आले. कारखान्यानं जुनी खोकी विकली तेव्हा त्यांनी एक नेलं होतं आणि इतकी वर्षं त्यात कोळसा भरला होता. ते धुऊन, उन्हात वाळवून दोघांनी ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवलं. त्या दुपारी ते वाळत असतानाच चार वाजले आणि आप्पा वाटी घेऊन फाटकापर्यंत गेलेच.

अठ्ठावीस तारखेला साडेतीनलाच डॉक्टर मुजावर आल्या आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. फाटक सताड उघडं होतं. सुबरावमामा पायरीवर, तोंडात सुपारी, पण चावायचं विसरलेले. वैजयंती घराच्या मापांची वही घेऊन खोक्यावर जाऊन बसली. खोकं आता बुटकं वाटत होतं, गुडघे वर येत होते. तिच्याजवळ करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. समोर आलेल्या कागदावर ती पेन्सिलीनं उगाच आकडे गिरवत राहिली.

चार वाजले. टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग खण उघडल्याचा, पातेल्याचा, बराच वेळ कशाचाच नाही. मग चपला. त्या दाराच्या दिशेनं गेल्या, आणि वैजयंतीनं वर बघायचं नाही असं ठरवलं. चपला दाराशी थांबल्या. व्हरांड्यात डॉक्टर अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. पावलं वळली, जावयाला वळसा घालून, खणांच्या रांगेतून, डावीकडे, आणि तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

स्टीलचा पेला होता. त्यात चहा होता. तो त्यांनी खोक्याच्या कडेवर ठेवला, नेमका उजव्या बाजूला, जिथं लिहिताना धक्का लागत नाही.

"खारी संपलीया," आप्पा म्हणाले. "उद्या आणतो."

"चालेल, आप्पा."

आप्पांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. केसांतल्या पांढऱ्याकडे, सुजलेल्या डोळ्यांकडे, गळ्याकडे, जिथं मंगळसूत्र नव्हतं. तिला वाटलं, आता मॅडम म्हणतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वाकले आणि तिच्या नाकावरचा पेन्सिलीचा डाग पुसला. मग दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून तिला जराशी डावीकडे फिरवली, जराशी उजवीकडे.

"आलीस व्हय वैजू?"

"आले, आप्पा," ती म्हणाली. दोन वर्षं सांगायचं राहिलेलं सगळं त्या दोन शब्दांत बाहेर पडलं.

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि माल तपासून झाल्यावर वहीत लिहावं तसं शांतपणे म्हणाले, "माल खोटा न्हाई. पत्ता चुकलाता."

मग ते आपल्या टेबलाकडे गेले. जाता जाता वळून म्हणाले, "साडेपाचला निघू. तवर अभ्यास कर."

व्हरांड्यात डॉक्टरांनी फोन काढला आणि मिरजेला ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. सुबरावमामांना सुपारीची आठवण झाली. वैजयंतीनं वहीतला घराचा नकाशा उघडला, जिथं फ्रिज लिहिलं होतं ते खोडलं आणि तिथं माहेर असं लिहिलं. माप घातलं नाही. मग तिनं पेला उचलला. चहात साखर लहान मुलांना लागते तेवढी होती. साडेपाच वाजेपर्यंत ती तिथून उठली नाही.